बावीस औटं सत्त्याहत्तर

वीज मला कोणी शिकवली नाही. तिच्याशी मारामारी करून मी ती शिकलो, आणि पहिली दोन वर्षं मारामारीत तीच जिंकत होती. मलकापूरच्या एका जिन-प्रेसमध्ये मी वायरमन होतो. मालकांनी ऑइल इंजिनवर पट्ट्याने फिरणारा डायनामो बसवला होता. त्याच्यावर कापसाच्या खोल्या, प्रेस, आवार आणि मालकांचा बंगला एवढं सगळं उजळायचं. बाकी गावात कंदील आणि चिमण्या. संध्याकाळी आमच्या आवारातले दिवे लागले की शेजारच्या वस्तीतली माणसं रस्त्यावर थांबून बघत, आणि मी, वय वर्षं चोवीस, ते दिवे जसे काही माझ्या खिशातून काढून लावले आहेत अशा थाटात दारात उभा राहत असे.

राग तेव्हा माझ्या नाकावर असायचा. आता वयाने तो खाली उतरून गुडघ्यात गेला आहे, पण तेव्हा एखादा स्क्रू नीट बसला नाही तरी मी त्याच्या सात पिढ्या उद्धरत असे. हाताने मात्र मी चांगला होतो, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. त्या आवारातली एकूण एक तार माझ्या हातची होती. कुठला जोड कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

डायनामोघराच्या भिंतीवर काळ्या दगडी पाटीवर दोन मीटर होते, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. व्होल्टचा काटा दोनशेवीसवर ठेवायचा आणि अँपिअरचा तांबड्या रेघेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं शास्त्र. त्या दोन आकड्यांचं पुढे काही करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी मराठी चौथीतून शाळा सोडली होती, आणि तीही भागाकार सुरू झाला म्हणून.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, त्यामुळे सरकारी कागद सगळे नागपूरहून यायचे. एका पावसाळ्यात, कापसाचा हंगाम बंद असताना, मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून असा एक कागद वाचून दाखवला. ज्याच्या ताब्यात डायनामो आहे त्याच्याजवळ सरकारी सर्टिफिकेट पाहिजे. परीक्षा अकोल्याला, दसऱ्याच्या आधी. दहा प्रश्न, सगळे हिशेबाचे, सात बरोबर आले तर पास. मराठीत लिहिलेलं चालेल.

“अन् नापास झालो तं?” मी विचारलं.

“तर नागपूरहून सर्टिफिकेटवाला माणूस आणावा लागेल,” मॅनेजर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांना सांगताना बरं वाटत नव्हतं. “तुला मी प्रेसवर घेईन. कापसाच्या गाठी ओढायला.”

म्हणजे ज्या तारा मी ओढल्या त्या दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, डायनामोघरामागची खोली सोडावी लागणार, आणि त्याच आवारात त्याच दिव्यांखाली मी गाठी ओढणार. मॅनेजरांनी नमुन्याच्या प्रश्नांचा एक कागद मराठीत उतरवून दिला तो घेऊन मी घरी आलो.

पहिलाच प्रश्न असा होता: दाब दोनशेवीस व्होल्ट, प्रवाह अडीच अँपिअर, शक्ती किती वॅट आणि विरोध किती ओहम? चार दिवस मी त्याच्याशी झुंजलो. सूत्रं कागदावरच दिली होती. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम. पण त्या अडीचमधला अर्धा मला सुखाने बसू देईना. पाचव्या दिवशी मी पाटी भिंतीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे केले.

बायको पलीकडे तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “साडेपाचशे.”

“काय साडेपाचशे?”

“बावीस अडीचं पंचावन्न. वरून एक शून्य. साडेपाचशे.”

लग्नाला आमच्या तेव्हा आठच महिने झाले होते. ती देऊळघाटची, शाळामास्तरांची मुलगी. तिचे वडील रोज सकाळी ओसरीवर मुलांकडून पाढे म्हणून घ्यायचे आणि त्याच वेळी आत आई दळण दळायची. ही आईच्या समोर बसून जात्याला हात लावायची आणि कान ओसरीवर ठेवायची. अशी जात्याच्या फेऱ्यांवर ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी शिकली, औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या वर्गात तो चार-पाच मुलांना यायचा आणि बाकीच्यांना त्यावरून मार बसायचा. मी बाकीच्यांतला होतो.

“तुले काय समजते त्यातलं?” मी खेकसलो.

“त्यातलं काईच नाई समजत. गुनाकार समजते.”

“मंग भागाकार सांग. दोनशेवीस भागिले अडीच.”

तिने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. “ऐंशी अडीचं दोनशे. आठ अडीचं वीस. अठ्ठ्याऐंशी.” मग माझ्याकडे बघितलं. “तुमी चिडता काऊन? आकडेच तं हायेत, चावतात थोडी.”

मी उरलेला कागद तिच्यापुढे धरला. ती एकेक उत्तर देत गेली आणि मी प्रत्येक उत्तराला जास्तच चिडत गेलो. पण चिडून चिडून माणूस किती चिडणार? नोकरी माझी जात होती. शेवटी मी विचारलं, शिकवशील का. ती म्हणाली, पाढे शिकवते, पण कुठं गुणायचं अन् कुठं भागायचं ते मले ठावं नाई, ते तुमी मले शिकवा. असा आमचा करार झाला.

तिला समजावून सांगताना मला स्वतःलाच पहिल्यांदा ते समजलं, हे कबूल करतो. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे किती वाहतं ते, ओहम म्हणजे अडवणूक, एवढं मी सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मोताळ्याच्या बाजारात ती बोळ हाय ना, बांगड्यांच्या दुकानापाशी. मागून लोटतात ते होल्ट. बोळ अरुंद ते ओहम. पल्याड मानसं किती निंघाली ते अंपेर.” मग स्वतःशीच पुढे, “लोटनं वाढलं तं मानसं वाढतीन. बोळ अरुंद झाली तं कमी होतीन.” त्यानंतर गुणायचं की भागायचं याची माझी चूक कधी झाली नाही. आधी उत्तर मोठं यायला पाहिजे की लहान ते बघायचं, आणि मगच पाढ्याला हात घालायचा, हा तिचा नियम.

पाढ्यांचं घोडं मात्र अडलं. मला बसून पाठ होईना. ती म्हणाली, बसून कोणालेच होत नाई. म्हणून रोज तांबडं फुटताना दार लावून मी तिच्यासमोर जात्यावर बसू लागलो. गडीमाणूस जात्यावर बसलेला कोणी पाहिला असता तर मलकापूरपासून खामगावपर्यंत माझी शोभा झाली असती. पण खुंट्याला दोघांचे हात लागले आणि दगड फिरू लागला की तोंड आपोआप चालायचं. एका फेऱ्याला एक घर. एक औट औट, बे औटं सात, तीन औटं साडेदहा. मी चुकलो की ती जातं थांबवायची. पीठही बरंच व्हायचं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे ज्वारीच्या पिठाचा तुटवडा कधी पडला नाही.

इंजिन चालवणारे चाचा माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे होते. मला त्यांनी हाताखाली घेऊन माणसात आणलं होतं, आणि त्यांच्यापासून काही लपवणं कठीण होतं. एके दिवशी त्यांनी माझा तळहात धरून उलटा केला.

“ये भई, हे घट्टे कायचे? हंगाम बंद, काम बंद, अन् हाताले घट्टे?”

“मोताळ्याचे एक मास्तर शिकवून राह्यले,” मी ठोकून दिलं. “पाटीवर लय लिहायले लावते ते.”

“पाटीनं घट्टे तळव्याले पडते का बे?” चाचा म्हणाले, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा मी एक शहाणपणा केला. नमुन्याच्या कागदावर एक प्रश्न होता: दोनशेवीस व्होल्टच्या शंभर वॅट दिव्याचा विरोध किती? तिने तो चुटकीसरशी सोडवला होता. दोनशेवीसचा वर्ग करायचा आणि शंभरने भागायचा. बावीस बावीस चारशे चौऱ्याऐंशी. म्हणजे चारशे चौऱ्याऐंशी ओहम. डायनामोघरात तारा तपासायची एक पेटी होती. आत बॅटरी, वर ओहमचा काटा. म्हटलं, बघू तरी खरं निघतं का. बल्ब जोडला. काटा चाळीसच्या अलीकडेच थांबला.

दुसरा बल्ब घेतला. तेच. तिसरा घेतला. तेच.

माझं डोकं फिरलं. तसाच घरी गेलो आणि दारातूनच सुरू केलं. तुझी औटकी खोटी, तुझा बाजार खोटा, दोन महिने तुझ्या नादी लागून मी माझी नोकरी घालवली. कुठं चारशे चौऱ्याऐंशी अन् कुठं चाळीस. आणखी बरंच बोललो. ते इथे लिहायची मला लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती जात्याच्या आवाजाने. ती एकटीच दळत होती. तोंडाने एक शब्द नव्हता.

तीन दिवस असेच गेले. मला पाढे येत होते पण आता त्यांच्यावर विश्वास नव्हता. कागद समोर धरला की वाटायचं, हे सगळं खोटं असेल तर? परीक्षेत खोटं लिहून आलो तर गाठी ओढायच्याच आहेत. माफी मागावी असं दहादा मनात आलं. पण तेव्हा आम्हा नवऱ्यांना बायकोची माफी मागायला कोणी शिकवलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी आणि चाचा डायनामोघरात होतो. हंगाम जवळ आला म्हणून चाचा इंजिन चालवून बघणार होते. तेवढ्यात दारात ती उभी. डोक्यावरून पदर, पायात चिखल, आणि बाईमाणूस कधी पाऊल टाकत नाही अशा त्या खोलीत ती सरळ आत आली. चाचांनी तिला लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. ते बिचारे गडबडून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“तो दिवा तुमी मोजला तवा पेटलेला होता का?” तिने मला विचारलं.

“पेटीनं मोजलं तं पेटन कसा?”

“मंग विझलेल्याचं उत्तर काढलं तुमी. कागदावर शंभर वॅट लिहेल हाय. ते विझलेला खाते का पेटलेला?”

ती तीन दिवस जात्यावर हेच दळत होती.

“चाचाजी,” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “इंजिन चालू करता का जरा?”

चाचांनी इंजिन सुरू केलं. पट्टा चढवला, डायनामो घुमू लागला, व्होल्टचा काटा मी दोनशेवीसवर आणला. हत्यारांच्या ट्रंकेत दहा अँपिअरपर्यंतचा एक छोटा मीटर होता, तो मी एका दिव्याच्या वाटेत जोडला. काटा जेमतेम हलला. अर्ध्याच्या अलीकडे कुठे तरी, वाचता येईना.

“एक दाना तराजूत काय समजन?” ती म्हणाली. “मूठभर टाका.”

डायनामो तपासायला दहा दिव्यांची एक फळी होती. ती जोडली. दहाही दिवे दिवसाउजेडी भक्कन पेटले. तिने पदराने डोळे झाकले आणि पुन्हा उघडले. इतक्या जवळून तिने दिवा पाहिलाच नव्हता. मी मीटर वाचला. साडेचार.

तिने ओठ हलवले. “साडेचार दुने नऊ, दोनशेवीस दुने चारशेचाळीस. नवानं भागा. एकोनपन्नासच्या जरा अलीकडं. हे दहा दिव्यांचं मिळून. दहा बोळी बाजूबाजूले हायेत, म्हंजे एकीचं दहापट.” ती थांबली. “चारशे नव्वदच्या अलीकडं. अन् आपलं काय होतं?”

“चारशे चौऱ्याऐंशी,” मी म्हणालो.

“पाच-सहाचा फरक हाय.”

“काटा जाड हाय,” मी म्हणालो. हे मला माफीपेक्षा सोपं गेलं.

मग आम्ही दिवे बंद केले, ते निवेपर्यंत थांबलो, एक काढून पेटीने मोजला, चाळीसच्या अलीकडे. तो परत लावून दहाही पुन्हा पेटवले, पुन्हा मोजलं, साडेचार अँपिअर. तीनदा केलं. शेवटी तिने निकाल दिला. “गार असला का मुकाट जाऊ देते. तापला का अडून बसते.” असं म्हणून तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा भिंतीकडे तोंड केलेले चाचासुद्धा खांदे हलवून हसू लागले.

ती गेल्यावर चाचांनी रुमालाने डोळे पुसले. “हेच का बे तुहे मोताळ्याचे मास्तर?”

“हाव,” मी म्हणालो.

“मंग पास होशीन तू,” चाचा म्हणाले आणि इंजिन बंद करायला वळले. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, माहीत हाय. आणि सकाळी आम्ही दोघं पुन्हा जात्यावर बसलो.

अकोल्याला शाळेच्या मोठ्या खोलीत आम्ही तीसेक वायरमन होतो. परीक्षा घेणारे साहेब नागपूरहून आले होते. कोट, टोपी, आणि हातात आकडे कोरलेली एक सरकती पट्टी. ती पट्टी मागेपुढे केली की गुणाकार-भागाकार निघतो म्हणे. साहेबांचं लहानपण दूर परप्रांतात गेलेलं आणि शिक्षण सगळं इंग्रजीतून. मराठी शुद्ध बोलायचे, पण पाय जपून टाकावा तशी.

कागद हातात आला. पहिला प्रश्न वाचला. पाढा आठवेना. एक औट औट, आणि पुढे सगळा अंधार. मग माझ्या नकळत माझा उजवा हात बाकाखाली गेला, मूठ वळली, आणि गोल गोल फिरू लागला. त्याबरोबर सगळं आठवलं. मी डाव्या हाताने कागद दाबून धरायचो, खाली दोन फेरे घालायचो, वर येऊन उत्तर लिहायचो. एक, दोन, तीन. नववा प्रश्न मला सुटेना, तो मी कोरा सोडला. दहावा लिहिला. एवढ्यात माझ्या बाकाशी बूट थांबले.

“हात वर करा,” साहेब म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. रिकामे होते. साहेबांनी वाकून बाकाखाली बघितलं. तिथेही काही नव्हतं. मग त्यांनी माझा कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कागदावर नुसती उत्तरं होती. बाकीचे लोक पानंच्या पानं भरत होते आणि माझ्याकडे एका ओळीला एक आकडा.

“पायऱ्या कुठे आहेत?”

“पायऱ्या नाहीत, साहेब.”

“मग उत्तर आलं कुठून? कोणी दिली ही उत्तरं?”

तीस माना माझ्याकडे वळल्या. त्या क्षणी मी कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकून निघून आलो असतो, इतका जवळ आलो होतो. पण गाठी आठवल्या, खोली आठवली. मी म्हणालो, “औटकीला पायऱ्या नसतात, साहेब. अडीचकीलाही नसतात. तुम्ही विचारून बघा.”

त्यांनी औटकी हा शब्द ऐकलेलाच नव्हता. मला त्यांनी पुढे टेबलाशी बोलावलं आणि पट्टी हातात घेतली. “दोनशेवीस व्होल्ट, साडेतीन अँपिअर. शक्ती?”

मी सगळ्यांसमोर हात फिरवला. लपवून आता काय उपयोग होता? बावीस औटं सत्त्याहत्तर. “सातशे सत्तर वॅट.”

साहेब पट्टी सरकवत होते. डोळे बारीक करून म्हणाले, “सातशे सत्तरच्या आसपास.”

“आसपास नाही, साहेब. सत्तरच.”

मागे कोणी तरी खोकल्यासारखं हसलं. साहेब हसले नाहीत. “एकशेदहा व्होल्ट, सव्वा अँपिअर. विरोध?”

ऐंशी सवाई शंभर, आठ सवाई दहा. “अठ्ठ्याऐंशी ओहम.” ते पट्टीवर अजून एकशेदहा शोधत होते.

“दोनशेचाळीस व्होल्ट, पाऊण अँपिअर?”

“शक्ती एकशेऐंशी. विरोध तीनशेवीस.”

त्यांनी पट्टी खाली ठेवली. आता त्यांना मजा वाटू लागली होती, ते दिसत होतं. “शंभर वॅटचा दिवा, दोनशेवीस व्होल्टचा. विरोध?”

“पेटलेला का विझलेला, साहेब?”

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी सांगितलं, पेटलेला असेल तर चारशे चौऱ्याऐंशी आणि विझलेला असेल तर चाळीसच्याही अलीकडे, आम्ही मोजून बघितलं आहे. त्यांनी माझा कागद टोपीखाली ठेवला. मग म्हणाले, “नकलेचा संशय मी मागे घेतो. पास की नापास ते कागदावरच्या उत्तरांवर ठरेल, निकाल पोस्टाने येईल. पण तुम्हाला शिकवलं कोणी ते सांगा. कोण मास्तर आहेत?”

मोताळ्याचे मास्तर जिभेवर आले होते. तीस वायरमन मागे बसले होते आणि त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे होते. “माझी बायको,” मी म्हणालो.

कोणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, “मग त्यांना का नाही बसवलंत परीक्षेला?”

ते गमतीने विचारत नव्हते. मी उत्तर शोधलं, हातसुद्धा फिरवून बघितला, पण हा हिशेब मला कोणी शिकवलेला नव्हता. मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

संध्याकाळच्या गाडीने मलकापूरला उतरून घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, बाकाखालचा हात, सरकती पट्टी, आसपास. ती हसून हसून भाकरी वेडीवाकडी थापू लागली. साहेबांचा शेवटचा प्रश्नही मी सांगितला.

“मले? परीक्षेले?” ती म्हणाली. “तीस मानसांत पदर सावरत बसू का मी?” आणि पुन्हा हसली. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, दुसरा गोळा घेतला, आणि तो नुसताच मळत राहिली.

“कायचे कायचे प्रश्न होते?” थोड्या वेळाने तिने विचारलं. “पयल्यापासून सांगा.”

मी प्रश्न सांगत गेलो. ती आधी आपलं उत्तर द्यायची, मग मी काय लिहिलं ते विचारायची, मग “बरोबर” म्हणून पुढे. सहापर्यंत असं झालं. सातवा प्रश्न होता, दोनशेवीस व्होल्टचा शंभर वॅट दिवा एकशेदहा व्होल्टवर लावला तर किती वॅट घेईल.

“मी पन्नास लिहिले,” मी म्हणालो. “अर्धे होल्ट, अर्धे वॅट.”

“चुकलं तुमचं.”

“काय चुकलं त्यात?” माझा आवाज चढलाच.

“होल्ट अर्धे झाले, मंग अंपेर तेवढेच राह्यले का? ते बी अर्धे. अर्ध्याचं अर्धं पाव. पंचवीस.” तिने भाकरी उलटली. “अन् खरं तं पंचवीसहून जरा जास्तच. दिवा कमी तापन, तं अडवन बी कमी.”

आठवा बरोबर निघाला. नववा मी कोरा सोडला होता, तसलेच दोन दिवे दोनशेवीसवर एकामागे एक जोडले तर दोघं मिळून किती वॅट. ती म्हणाली, “बोळीच्या पुढं आनखी एक बोळ. अडवनूक दुप्पट, अंपेर अर्धे, होल्ट तेवढेच. पन्नास.” दहावा माझा बरोबर होता. तिने पिठाच्या बोटांवर मोजलं.

“आठ. सात पाह्यजे होते ना? पास हाय तुमी. जेवा आता.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तीही पाटावर भाकरी ठेवताना नाक ओढत होती.

सरकारी पाकीट दीड महिन्याने आलं. दहापैकी आठ, पास, असं त्यात माझ्या नावाने लिहिलं होतं. मॅनेजरांनी ते मोठ्याने वाचलं आणि चाचांनी पेढे वाटले. आमच्या घरी ती बातमी केव्हाच जुनी झाली होती. तिचे दहाच्या दहा बरोबर होते. ते मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.